घोंगडं, चहा आणि दोन रेघा

आमच्या स्टुडिओत प्रेसच्या खाली एक मोठी बुट्टी आहे. बिघडलेलं प्रिंट तिच्यात टाकायचं, असा नियम. बुट्टी भरली की सुनंदा ती रद्दीत द्यायला निघते आणि कुणीतरी म्हणतं, "थांब, ह्यातलं एक बघू दे." मग सगळेच खाली बसतो, एकेक कागद काढतो, आणि तासाभरात बुट्टी जशीच्या तशी भरून परत जाग्यावर. किस्स्यांचंही आमचं तसंच झालंय. टाकवत नाहीत, आणि रोज एखादा नवा पडतो.

स्टुडिओ इंदुमतीबाई हेरवाड्यांचा. मेण चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर सुईनं चित्र काढायचं, पत्रा ॲसिडमध्ये घालायचा, खाल्ल्या गेलेल्या रेषांत शाई भरायची आणि कागदावर छाप घ्यायचा, हा उद्योग आमच्या भागात पहिल्यांदा बाईंनी केला. तोवर इथं चित्र म्हणजे फेटेवाल्याचं पोर्ट्रेट नाहीतर डोंगरावरचं देऊळ. बाईंनी काढली कडबा कापायची मशीन, बायकांचे पालथे तळवे, कारखान्याच्या चिमणीचा नुसता धूर. लोक म्हणायचे, "ह्यात चित्र कुठं हाय?" तीच चित्रं आता दिल्लीत भिंतींवर आहेत. बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मी त्यांच्याकडे तीस वर्षं येतोय. शाळेत ड्रॉइंग शिकवायचो, आता रिटायर आहे, पण बाईंसाठी अजून मास्तरच.

आठ दिवसांवर बाईंच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन आलंय. गॅलरीवाल्यांनी कॅटलॉगसाठी माझ्याकडे लेख मागितला. मी चार रात्री जागून लिहिला आणि बाईंना वाचून दाखवला. बाईंनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकला.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "कुणाबद्दल हाय?"

लेख बुट्टीत गेला. त्याच्या जागी हे किस्से. खरं सांगायचं तर लेख हे नुसतं निमित्त. वर्षभर एक भीती मनात धरून बसलोय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय हलणार नाही.

*

प्रेसपासून सुरुवात करतो. बाईंनी असली प्रेस मुंबईत पाहिली होती. दोन लोखंडी रोलर, त्यांच्यामधून सरकणारा पाट आणि बाजूला फिरवायचं मोठं चाक. परदेशातून मागवणं आवाक्यात नव्हतं. बाईंनी कॅलेंडरच्या पाठीमागं तिचं चित्र काढलं आणि लोखंडकामाच्या कारखान्यांचं उद्यमनगर गाठलं. बाईमाणूस लोखंडाचं काम घेऊन आलंय म्हटल्यावर कुणी चहा पाजला, कुणी "मालक आल्यावर या" म्हटलं. शेवटी एका लेथवर दस्तगीर भेटला. तेव्हा त्याला मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. त्यानं कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाई, ह्यो तर उसाचा चरक हाय."

"व्हय. फकस्त ह्यातनं रस न्हाय काढायचा."

"मग काय काढायचं?"

"त्ये अजून मला बी ठाव न्हाय," बाई म्हणाल्या.

एका बंद पडलेल्या गुऱ्हाळाचे रोलर आणून दस्तगीरनं ते लेथवर गुळगुळीत केले आणि प्रेस उभी केली. ती आजही चालते. मध्यंतरी एक परदेशी चित्रकार बघायला आला होता. त्यानं प्रेसभोवती तीन चकरा मारल्या आणि कुठल्या कंपनीची म्हणून विचारलं. बाईंनी लगेच सांगितलं, "दस्तगीर अँड सन्स."

पाहुणा गेल्यावर दस्तगीर म्हणाला, "बाई, मला तिन्ही लेकीच. सन्स कुठनं आणू?"

"गप बस. लेकी म्हटलं असतं तर म्हणाला असता, घरगुती हाय व्हय."

*

रोलर आणि कागदाच्या मध्ये जाड लोकरीचं फेल्ट लागतं. ते इथं कुठं मिळणार? बाईंनी एका धनगराकडून घोंगडं घेतलं, कापून चार पदरी केलं आणि प्रेसमध्ये घातलं. झालं असं की दाब बसला की घोंगड्याची वीण कागदावर उमटायची. चित्रात जिथं मोकळी जागा, तिथं बारीक खडबडीत पोत.

मी तेव्हा नवीन होतो. "बाई, हा दोष दिसतोय," म्हटलं. बाई म्हणाल्या, "दिसू दे की."

पुढं मुंबईच्या एका समीक्षकानं मोठा लेख लिहिला. बाईंच्या अवकाशात म्हणे दख्खनच्या मातीचा आदिम स्पंदनशील पोत आहे! बाईंनी तो पोहे खाता खाता मोठ्यानं वाचला. सुनंदा ऐकत होती. तिनं विचारलं, "म्हंजी काय वो आक्का?"

"म्हंजी घोंगडं," बाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.

नंतर कुणीतरी प्रेमानं बाहेरच्या देशातून खरं फेल्ट पाठवलं. ते थंडीत बाईंच्या पायांवर असतं.

*

सुनंदाचं आता सांगितलं पाहिजे. ती उचगावहून स्टुडिओची फरशी पुसायला यायची. त्या काळी प्लेट, म्हणजे तो जस्ताचा पत्रा, पुसायचं काम माझं. प्लेटवर सगळीकडं शाई माखायची, मग वरची शाई अशी पुसायची की रेषांतली आत राहिली पाहिजे. आधी जाळीच्या कापडानं, शेवटी उघड्या तळव्यानं. मला ते जमतंय असं मला वाटत होतं. एक दिवस सुनंदा पोछा हातात घेऊन माझ्यामागं उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"मास्तर, भांडं असं घासत न्हाईत."

"हे भांडं नाही."

"त्येच म्हंते मी. त्येला गोंजारायचं असतंय."

तिनं हात धुतले आणि तळवा फिरवला. छाप काढला. बाईंनी तो खिडकीशी नेऊन पाहिला, मग माझा पाहिला, मग परत तिचा.

"सुनंदा, उद्यापास्नं प्लेट तू पुसायची."

"आणि मी?" मी विचारलं.

"मास्तर, तुम्ही कागद भिजवा."

तेव्हापासून मी कागद भिजवतोय.

*

आता रेघांचा किस्सा. हा नीट लक्षात ठेवा.

प्लेटवरून ठरावीक छाप काढायचे असतात. बाईंचे पंचवीस. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर आणि सही. पंचविसावा झाला की प्लेट मारून टाकायची. म्हणजे पोलादी सुई आणि पट्टी घेऊन एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक रेघ, मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी. फुली पडली की त्या प्लेटवरून पुन्हा कुणी छापू शकत नाही. घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो.

मला ते कधी बघवलं नाही. वर्ष वर्ष खपून केलेलं चित्र, आणि बाई दोन मिनिटांत फुली मारून चहा मागायच्या.

एकदा बाई न्हाणीत घसरल्या आणि उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. पंचवीस छाप झालेले, प्लेट टेबलावर तशीच पडून. मी आपला सेवाभावानं म्हणालो, "बाई, रेघा मी मारतो. त्यात काय आहे? तीस वर्षं पोरांना पट्टीनं रेघाच तर मारायला लावल्यात."

बाई एवढ्या चिडलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

"मास्तर, जिनं काढलं तिनंच मोडायचं. तुमची रेघ पडली की त्ये चित्र तुमचं बी झालं. कळतंय का?"

पाच आठवडे प्लेट तशीच राहिली. प्लॅस्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून बाई घरी गेल्याच नाहीत. रिक्षा सरळ स्टुडिओवर आणली, फुली मारली, आणि मग म्हणाल्या, "आता दुखतंय."

*

इथपर्यंतचे किस्से मी कुठंही हसत सांगतो. पुढचे अजून कुणा बाहेरच्याला सांगितलेले नाहीत.

गेल्या वर्षी एका जुन्या प्लेटचे छाप पुरे करत होतो. बाई नंबर घालत होत्या. संध्याकाळी मी गठ्ठा लावायला घेतला तर सात नंबरचे दोन. म्हटलं, चुकून झालं असेल. पुढं अकरा नंबरचे तीन निघाले. बाईंचं गणित इतकं पक्कं की भाजीवाला त्यांच्यापुढं बोलत नाही. मी खोडरबर घेतला आणि हळूच खोडायला लागलो. मागून सुनंदाचा आवाज आला.

"तुम्ही बी बघितलंसा व्हय?"

म्हणजे ती आधीपासून बघत होती. कुणाला सांगायचं नाही एवढं ठरलं. गुपचूप डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी वय झालं एवढंच म्हटलं. वय झालंय हे कळायला डॉक्टर कशाला लागतो?

मग मी एक युक्ती काढली. आधीचे छाप नजरेआड ठेवायचे, एका वेळी एकच कागद पुढं सरकवायचा आणि सरकवताना सहज म्हटल्यासारखं म्हणायचं, "हा बारावा चांगला आलाय, बाई." तीन-चार दिवस छान चाललं. मग बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तर, कागदाचं रेशनिंग कवापास्नं सुरू झालं?"

माझा चेहरा बघून सुनंदा मोरीत पळाली.

*

चहाचं तर त्याहून वाईट. प्लेट ॲसिडमध्ये किती वेळ ठेवायची यावर चित्राचा काळेपणा ठरतो. बाईंनी कधी घड्याळ लावलं नाही. आमच्याकडे माप चहाचं. प्लेट आत सोडायची आणि चहाला सांगायचं. तो होऊन, पिऊन, कप खाली ठेवला की एक चहा झाला. फिकट हवं तर एक चहा, गडद हवं तर दोन. नवीन शिकायला येणाऱ्यांना आधी हे पाठ करावं लागतं. एकदा बारा पाहुणे आले, चहाला वेळ लागला, आणि चित्रातलं आभाळ काळंकुट्ट आलं. त्या चित्राला बक्षीस मिळालं. बाईंनी ते सुनंदाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "साखर संपल्याबद्दल."

तर गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. बाईंनी प्रदर्शनासाठी नवी प्लेट धरलेली. बहुतेक ही शेवटची, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. चित्रात आम्हीच. दस्तगीर चाकाशी, सुनंदा प्लेटवर वाकलेली, मी कागद भिजवतोय, आणि बाई पाठमोऱ्या स्टुलावर. ती प्लेट एका चहासाठी ॲसिडमध्ये सोडली. चहा झाला, प्यायला, कप खाली ठेवला. मी प्लेट उचलायला निघालो तर बाई म्हणाल्या, "सुनंदा, चहा टाकलाईस का न्हाय अजून?"

रिकामा कप त्यांच्यासमोर होता.

आत प्लेट खाल्ली जात होती, वर बुडबुडे येताना दिसत होते, आणि "बाई, तुम्ही चहा प्यालात" एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. ते बोललं की त्यांना कळणार होतं. प्लेट वाचवू की बाईंना? लाज वाटते सांगायला, पण मी नुसता उभा राहिलो.

सुनंदा आली, तिनं हातमोजे घातले, प्लेट बाहेर काढली आणि पाण्यात धरली.

"आक्का, हातात प्लेट हाय. एवढी धुते आन् चहा देते."

मग तिनं खरंच दुसरा चहा केला. बाईंनी तो प्यायला. प्लेट थोडक्यात बचावली. त्या रात्री मला झोप नाही. दस्तगीरला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, "मास्तर, मशीन जुनी झाली की आवाज ऐकत बसायचं न्हाय. तेल घालायचं."

*

महिन्यापूर्वी मी रोजच्यासारखा दहाला पोचलो. चपला काढल्या, आत पाऊल टाकलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"या पावणं. कुणाकडं आलाय?"

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणं म्हणतात हे खरं, पण ओळखीच्याची टिंगल करायलाही म्हणतातच. आता ही टिंगल होती की काय होतं? मी हसू तोंडावर तसंच ठेवून उभा राहिलो.

"बसा की. सुनंदा, पावण्यांना चहा दे."

मी बसलो. पाहुण्यांच्या खुर्चीत. तीस वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदा बसलो आणि तिचा एक पाय डुगडुगतो हे मला तेव्हा कळलं. चहा आला. सुनंदा माझ्याकडं बघेना, मी तिच्याकडं बघेना. बाई आपल्या प्लेटवर सुई चालवत होत्या. अर्धा तास मी पाहुणा होतो. कुठून आलो, काय काम, हे त्यांनी विचारलं असतं तर काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

मग मान वर न करता बाई म्हणाल्या, "मास्तर, कागद भिजवलाय का निस्तं चहाच पिताय?"

मी उठून कागद भिजवायला गेलो. सुनंदा म्हणते, आक्कांनी गंमत केली. दस्तगीर म्हणतो, विचारू नका. मी विचारलेलं नाही. पण रोज दारात चपला काढताना मी आधी बाईंच्या तोंडाकडं बघतो. प्रदर्शनाच्या दिवशी शंभर लोकांसमोर त्या मला पावणं म्हणाल्या तर? मला लोकांची पडलेली नाही. मला त्यांनी ओळखलं पाहिजे, बास, एवढंच.

*

आता हा शेवटचा. गेल्या पंधरवड्यातला.

नवी प्लेट झाली. अकरा महिने लागले. पहिलं प्रूफ, म्हणजे नुसता चाचणीचा छाप, काढलं, बाईंनी खिडकीशी नेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापास्नं छापा." त्या रात्री मी वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दहाला आलो. सुनंदा बाहेर नळावर होती. आत बाई टेबलाशी, समोर नवी प्लेट, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात पोलादी सुई. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लख्ख चकाकती रेघ पडलेली. आमच्या चौघांवरून गेलेली. आणि बाईंनी दुसऱ्या रेघेसाठी पट्टी लावली होती.

मी धावलो आणि त्यांचं मनगट धरलं. तीस वर्षांत मी बाईंना कधी हात लावलेला नव्हता.

"बाई, अजून छापायचंय. एक पण छापलेलं नाही, बाई."

बाईंनी प्लेटकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हाताकडं. मी हात काढला. त्यांनी सुई खाली ठेवली.

दस्तगीरला बोलावलं. त्यानं नखानं रेघ चाचपली, भिंग लावून पाहिलं. "घासून जाईल, पर मग खड्डा पडंल. चित्र बी जाईल." तो माझ्याकडं बघत होता. सुनंदा पदर तोंडाला लावून रडत होती. मला वाटलं, संपलं. अकरा महिने आणि त्याआधीची सगळी वर्षं, सगळं तिथं त्या टेबलावर संपलं.

"ऱ्हाऊ दे रेघ," बाई म्हणाल्या. "छापा."

आम्ही छापलं. रेघेसकट. दस्तगीर स्वतः चाकाला लागला, सुनंदानं प्लेट पुसली, मी कागद भिजवले. नऊ दिवस लागले. काल सह्या होत्या. माझ्या खिशात खोडरबर होता. पण या खेपेला मी कागद एकेक दिला नाही, पूर्ण गठ्ठा बाईंच्या पुढं ठेवला. का ते मला सांगता येणार नाही. बाईंनी एक ते पंचवीस नंबर ओळीनं घातले. एकही चुकला नाही. सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. खोडरबर खिशातच राहिला.

पंचविसाव्यावर सही करून बाईंनी प्लेट मागवली. सुनंदानं आणून ठेवली. मी पट्टी आणि सुई त्यांच्यापुढं ठेवली आणि नेहमीसारखा खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो.

"मास्तर, हिकडं या."

मी वळलो. बाईंनी प्लेट फिरवून माझ्या बाजूला सरकवली होती. तिच्यावर सुई ठेवली होती.

"एक माझी झालीया. दुसरी तुम्ही मारा."

मी सुई उचलली. टोक प्लेटवर टेकवलं, उचललं, परत टेकवलं. दस्तगीरनं प्लेट दोन्ही हातांनी धरली, सुनंदानं माझ्या बाजूला टेबलावरचा दिवा वाकवला, आणि तरी मला रेघ ओढवेना.

"पट्टी लावा की, मास्तर," बाई म्हणाल्या. "तीस वर्षं पोरांना ह्येच शिकवलं न्हवं?"